तासांचे श्रेय

कठोपनिषदातला यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद समजावून सांगतो. प्रेय म्हणजे जे तात्काळ आवडते ते. श्रेय म्हणजे जे अंती हिताचे असते ते. 'क्रेडिट'ला 'श्रेयांक' हा प्रतिशब्द ज्याने सुचवला, त्याच्या मनात यम-नचिकेत होते की नाही, कोण जाणे. पण शब्द मोठा सुंदर आहे, आणि ज्या व्यवस्थेला तो चिकटवला आहे तिच्याहून कितीतरी मोठा आहे. मूळ इंग्रजी शब्दही काही कमी अर्थगर्भ नाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'विश्वास ठेवणे' हे क्रियापद आहे. वाणी उधार देतो ते गिऱ्हाइकावरच्या विश्वासावर. एका विद्यापीठात मिळवलेला श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठाने मान्य करणे म्हणजे एका शिक्षकाने दुसऱ्या, न पाहिलेल्या शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवणे होय. आपण गेल्या काही वर्षांत पेढी उघडली, खाती काढली, क्रमांक वाटले. विश्वास तेवढा निर्माण करायचा राहून गेला. त्याचे खापर केवळ दिल्लीवर फोडता येणार नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झाले. त्यानंतर वर्षभराने, जुलै २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची नियमावली काढली. विद्यार्थ्याने कुठेही मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यात जमा व्हावेत आणि निम्मे तरी श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवलेले असावेत, अशी त्यातली कल्पना. डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने हिशेब बांधून दिला: एका वर्षाचे ४० श्रेयांक झाले की प्रमाणपत्र, ८० झाले की पदविका, १२० झाले की पदवी आणि १६० झाले की ऑनर्स. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ही रचना आली. २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत ती लागू झाली. कुठल्याही टप्प्यावर बाहेर पडा, पुन्हा आत या. मधेच शिक्षण सुटणाऱ्यांच्या, विशेषतः लग्न किंवा रोजगार यांमुळे गाव बदलणाऱ्या मुलींच्या आणि मुलांच्या दृष्टीने ही कल्पना खरोखरच उदार आहे. तिची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही.

परंतु दुसऱ्या वर्षानंतर लग्न होऊन मराठवाड्यातून पुण्यामुंबईकडे आलेली बी. ए. मराठीची एखादी विद्यार्थिनी प्रत्यक्षात महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहते, तेव्हा काय घडते? खात्यात श्रेयांक दिसत असतात. तरीही तिच्याकडे ट्रान्सफर सर्टिफिकेट, मायग्रेशन, एलिजिबिलिटीचा अर्ज आणि आधीच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती मागितल्या जातात. मग कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवून शीर्षके जुळवतो. तिकडे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास' असे लिहिलेले असते, इकडे 'आधुनिक मराठी साहित्य : प्रेरणा आणि प्रवृत्ती'. शीर्षके जुळत नाहीत, सबब विषय जुळत नाहीत, सबब पुन्हा पहिल्या सत्राचा पेपर द्या. केशवसुत दोन्हीकडे तेच आहेत, हे सांगण्याचा अधिकार ज्याला आहे त्या मराठीच्या प्राध्यापकाला या व्यवहारात कुणी विचारत नाही; आणि आपणही 'ते ऑफिसचे काम आहे' म्हणून मोकळे होतो. ज्या पेढीची एका शाखेतली ठेव दुसऱ्या शाखेत वटत नाही, तिला सामान्य माणूस काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे.

याच नियमावलीने श्रेयांकांना सात वर्षांची मुदत घातली. तंत्रविद्येत अशा मुदतीचे समर्थन करता येईल. पण साहित्यात? मुले मोठी करून नवव्या वर्षी परत आलेल्या बाईने तेव्हा वाचलेली 'स्मृतिचित्रे' आता शिळी झाली असे मानायचे काय? उलट, संसार करून पुन्हा हाती घेतलेले लक्ष्मीबाईंचे पुस्तक तिला वर्गातल्या कुणाहीपेक्षा अधिक कळण्याचा संभव आहे. ते कळले की नाही, हे पाहण्याचा एक मार्ग असतो : तिच्याशी बोलणे. नेमका तोच या व्यवस्थेत कुठे नाही.

तो का नाही, हे समजण्यासाठी श्रेयांकाची वंशावळ पाहावी लागते. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. ते कोणत्या महाविद्यालयांना द्यायचे हे ठरवताना 'महाविद्यालय' कशाला म्हणावे असा प्रश्न आला, आणि प्रवेशासाठी शालेय शिक्षणाचे ठरावीक 'युनिट' मागणारी ती महाविद्यालये असे उत्तर ठरले. हे युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. पुढे त्याच मापाच्या धर्तीवर महाविद्यालयीन श्रेयांक उभा राहिला. म्हणजे ज्ञान मोजण्याचे म्हणून जगभर पसरलेले हे माप मुळात प्राध्यापकांच्या पेन्शनच्या सोयीसाठी जन्मले. आपल्याकडे एक श्रेयांक म्हणजे सत्रातली १५ तासांची व्याख्याने किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. यात विद्यार्थी किती वेळ बसला हे कळते. त्याला काय आले हे कळत नाही.

आणि इथे आपल्या घरातली गोष्ट येते. आपल्याही पोटाचा हिशेब तासांवरच चालतो. विभागातली पदे कार्यभारावर ठरतात, कार्यभार तासिकांवर ठरतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांचे तर जेवढे तास तेवढे मानधन. मराठीचे वर्ग आधीच ओस पडत असताना, 'हा विद्यार्थी हे शिकून आला आहे, याला हा पेपर माफ' असे म्हणणे म्हणजे आपल्याच हाताने आपला तास कमी करणे. त्यामुळे समकक्षतेच्या बैठकीत आपण 'दर्जा'चा मुद्दा काढतो तेव्हा दर वेळी दर्जाच बोलत असतो असे नाही. पुष्कळदा कार्यभार बोलत असतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, भूक ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. मात्र भुकेला तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसवणे अप्रामाणिकपणाचे आहे. तास वाचवायचे असतील तर त्यासाठी शासनाशी भांडावे, त्या विद्यार्थिनीशी नव्हे.

एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणाऱ्याची ही कथा, तर जो महाविद्यालयाबाहेर शिकला त्याची काय असणार? नव्या रचनेत मराठीच्या विद्यार्थ्यालाही प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. चार श्रेयांकांसाठी १२० तास. कल्पना करा, दहा वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन करणारा माणूस चाळिशीत बी. ए.ला बसला. ऱ्हस्वदीर्घाची चूक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला आपण १२० तासांच्या उमेदवारीला पाठवणार, आणि बहुधा त्याच्यासारख्याच एखाद्या छापखान्यात. गोंधळ्याच्या घरातला मुलगा रात्री जागरणात संबळ वाजवून येतो आणि सकाळी लोकसाहित्याच्या तासाला 'गोंधळ : स्वरूप व परंपरा' ही टिपणे उतरवून घेतो, हजेरी कमी भरली म्हणून त्यालाच नोटीस. अनुभवाला श्रेयांक द्यावेत असे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात म्हटले आहे. पूर्वज्ञानाच्या मान्यतेच्या सूचनांचा मसुदाही आयोगाने २०२४ मध्ये काढला. पण या साऱ्या चर्चेत 'पूर्वज्ञान' म्हटले की वेल्डर, सुतार, ब्यूटिशियन डोळ्यांसमोर येतात. त्यांचा हक्क निर्विवाद आहे. प्रश्न असा की भाषा आणि साहित्य हेही माणसे वर्गाबाहेर शिकतात, ही गोष्ट साहित्याच्या अध्यापकांनी तरी ठासून सांगायला नको होती काय?

विशेषतः आपण. कारण आपला अभ्यासक्रमच त्या पूर्वज्ञानावर उभा आहे. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' आपण शिकवतो. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्व्यांनी आपल्या कवितासंग्रहाला १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ' असे नाव दिले. त्या नावातला उपरोध आपण वर्गात रंगवून सांगतो आणि वर्गाबाहेर पडल्यावर विसरतो. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या विद्यापीठात, किंवा राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठात, आज बहिणाबाईंसारखी कुणी आली तर 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यापाशीच तिचा प्रवास संपेल. निरक्षर कवयित्रीचे नाव कमानीवर चालते. आत येणाऱ्याच्या पूर्वज्ञानाला मात्र रकाना नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की प्रतिभावंतांची उदाहरणे देऊन नियम बनत नाहीत. प्रत्येक मुद्रितशोधक सुर्वे नसतो. बरोबर आहे. पण इथे सुर्व्यांना पदवी द्या असे कुणी म्हणत नाही, त्यांना तिची गरजही नव्हती. ज्ञान वर्गाबाहेर संपादन होऊ शकते, एवढेच ही उदाहरणे सिद्ध करतात. आणि एकदा हे तत्त्व मान्य केले की कुणापाशी ते किती आहे हे तपासण्याची जबाबदारी टाळता येत नाही. तपासणी करावी, कठोर करावी. फ्रान्सने २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या बळावर संपूर्ण पदवी मिळवण्याचा मार्ग खुला केला. तिथे उमेदवार आपल्या कामाचा सविस्तर लेखी आढावा सादर करतो, परीक्षक मंडळापुढे बसतो, आणि मंडळ पूर्ण मान्यता देते, अंशतः देते किंवा नाकारते. नकाराचा अधिकार शाबूत असल्यामुळेच त्या मान्यतेला किंमत आहे. आपल्याकडेही हे अगदीच नवे नव्हते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीचे दार उघडले गेले. त्या दाराने आलेल्यांकडे पारंपरिक विद्यापीठांतल्या आपण मंडळींनी कोणत्या नजरेने पाहिले, 'मुक्तचा आहे' हे शब्द कोणत्या सुरात उच्चारले, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.

दुसरा धोका खरा आहे आणि तो लपवू नये. तपासणारा नसेल तर पूर्वज्ञानाच्या नावाने प्रमाणपत्रांची दुकाने उघडतील. पैसे भरा, 'अनुभव' दाखवा, श्रेयांक घ्या. पण हा धोका टाळण्याचा उपाय दार बंद करणे हा नसून दारात जाणकार माणूस उभा करणे हा आहे. आपण ते काम नाकारले तर ते कुठली तरी खाजगी मूल्यमापन कंपनी बहुपर्यायी प्रश्नांनी करील, आणि तेव्हा दर्जाच्या नावाने गळा काढण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. समकक्षतेचा निर्णय शीर्षके जुळवून नव्हे, तर त्या विषयाच्या अध्यापकाने विद्यार्थ्याशी बोलून, त्याचे लेखन पाहून द्यावा. ज्याला एखादा पेपर येतो असे वाटते त्याला हजेरीची अट न घालता थेट त्या पेपरच्या लेखी आणि तोंडी परीक्षेला बसू द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, या मूल्यमापनाचे तास अध्यापकाच्या कार्यभारात धरावेत, तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला त्याचे मानधन मिळावे. हे तिसरे झाले नाही तर पहिली दोन कागदावरच राहतील, कारण आपले पोट कापून दुसऱ्यावर विश्वास ठेवण्याइतका कुठलाही व्यवसाय थोर नसतो.

विद्यार्थ्याच्या खात्यात किती अंक जमा आहेत हे संगणक सांगेल. त्याला काय येते हे विचारण्याचे काम मात्र आपले आहे, आणि ते आपण अजून सुरूच केलेले नाही.