माफ केलं म्हणजे हक्क सोडला का?



आपल्या भागात १७ जानेवारीला आणि १ जूनला हुतात्म्यांना अभिवादन होतं, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला जातो. हल्ली पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली आपलीच मुलं फोनवर विचारतात, "किती वर्षं धरून बसणार? सोडून द्या की आता." १९५६ पासून मोजलं तर तीन पिढ्या झाल्या, त्यामुळे प्रश्न पडणं साहजिक आहे. पण सोडायचं काय? मनातला राग की आपली मागणी? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक मला पुस्तकात वाचण्याआधी आमच्या शेताच्या बांधावर कळला.

निपाणीकडे आमची तंबाखूची जमीन. आजोबांमागे वाटणी झाली. वडील थोरले, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. धाकटे काका म्हणजे तात्या. दरवर्षी नांगरटीला तात्यांकडून एखादं तास आमच्या बाजूला जास्त जायचं. पाच-सहा वर्षांत बांध चांगलाच सरकला. आधी बोलाचाली, मग भांडण, मग कोर्ट. दोन्ही घरांनी एकमेकांच्या लग्नांत पाऊल टाकलं नाही. आजी तेवढी पदराखाली भाकरी झाकून या घरातून त्या घरात जायची.

भावकीतली माणसं आण्णांना समजवायची, "तुम्ही थोरले, माफ करून टाका." आण्णा एकच म्हणायचे, "करतो की माफ. पण कशाबद्दल? त्यो तर म्हणतोय, काय झालंच नाही."

आजीच्या बाराव्याला सगळी भावकी बसली होती. तात्या उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आण्णा, बांध मी सारला. चुकलं माझं." आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी तात्यांना शेजारी बसवून घेतलं आणि दोघं कितीतरी वेळ रडले. अकरा वर्षांनी दोघांनी एका पंक्तीत जेवण केलं.

पुढच्याच आठवड्यात आण्णांनी मोजणीचा अर्ज दिला! तात्यांकडची मंडळी चिडली, "माफ केलं म्हणता, मग मोजणी कशाला?" आण्णा शांतपणे म्हणाले, "माझ्या मनात आता काय नाही. पण हद्दीचा दगड जाग्यावर बसला नाही, तर उद्या पोरं भांडतील." मोजणी झाली, दगड बसले. त्या दिवशी चहा तात्यांच्या घरून आला.

पुढे मानसशास्त्र वाचताना एव्हरेट वर्दिंग्टन या अमेरिकन अभ्यासकाचं लेखन हाती आलं. माफी हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास त्यांच्या आईचा घरात घुसून खून झाला, तेव्हा आपलंच शिकवलेलं त्यांना स्वतःवर लावून बघावं लागलं. ते माफीचे दोन प्रकार सांगतात. एक निर्णयाची माफी: मी सूड घेणार नाही, माणसासारखा वागेन. दुसरी मनातली: कडवटपणा खरोखर विरघळणं. पहिली एका दिवसात होऊ शकते, दुसरीला वर्षं लागतात.

ते आणखी एक सांगतात. जे व्हायला हवं होतं आणि जे झालं, यांत एक दरी पडते. ती जितकी रुंद, तितकं माफ करणं अवघड. कुणी चूक कबूल केली, भरपाई केली, निवाडा मिळाला, की दरी अरुंद होते. म्हणजे न्याय मिळाला की माफीची वाट सोपी होते. तात्यांच्या दोन वाक्यांनी जमीन परत आली नव्हती, पण आण्णांची दरी निम्मी भरली होती.

म्हणूनच दुसऱ्याला "माफ कर" म्हणून सांगणं धोक्याचं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदानंतर सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. गुन्हेगारांनी सगळं खरं सांगितलं, तर त्यांना शिक्षेतून सूट मिळू शकत होती. पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी या तरतुदीला १९९६ मध्ये कोर्टात आव्हान दिलं. ते हरले, पण त्यांचा सवाल रास्त होता: आमच्या वतीने सूट देणारे तुम्ही कोण?

आता आपल्या सीमेकडे बघू. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल १९६७ मध्ये आला. त्याने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावं असं सांगितलं. महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा दावा केंद्र आणि कर्नाटक सरकारवर आहे. आपल्या शेजारच्या कन्नड काकूंवर नाही. त्यांची होळगी आपल्याकडे येते, आपली पुरणपोळी त्यांच्याकडे जाते. किती घरांत सून कन्नड, सासू मराठी आहे! या माणसांवर राग धरायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मराठीतून कागदपत्रं मिळावीत, मुलांना मराठी शाळा राहावी, ही मागणी मात्र मोजणीच्या अर्जासारखी आहे. ती मागताना आवाज चढवावा लागत नाही आणि ती सोडली म्हणून कुणी मोठ्या मनाचं ठरत नाही.

१९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात ज्यांच्या घरातलं माणूस गोळीबारात गेलं, त्यांनी माफ करावं की नाही, हे आपण ठरवू नये. तो अधिकार फक्त त्यांचा. आपण एवढं करू शकतो: त्यांच्यासमोर "काय झालंच नाही" असं म्हणायचं नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी "सोडून द्या" म्हणालं, तर रागावू नका. शांतपणे विचारा, "राग की हक्क?" राग सोडता आला तर जरूर सोडा, रात्री झोप लागते. हक्काच्या दगडाला मात्र हात लावू देऊ नका.

पुढच्या महिन्यात भेटूच.