सेल्फ ‘टक्’ करतो, गाडी उठत नाही

आडगाव भागातील एका भगिनीने या सदराकडे पत्र पाठवले आहे. त्यांचे यजमान पिंपळगाव बसवंतच्या मार्केटमधून टोमॅटो भरून कसाऱ्याच्या घाटाने मुंबईला नेतात. गाडी जुनी, कर्जाची. महिन्याभरात तीनदा ऐन भरलेल्या गाडीचा सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसला. वायरमन म्हणतो, आख्खा सेल्फच बदला. भगिनी विचारतात, हे खरे की खर्चात पाडणे? पत्राच्या शेवटी त्या सहज लिहून जातात, “सध्या धाकटे दीर गाडीखाली जाऊन स्क्रू-ड्रायव्हर लावतात, मग गाडी चालू होते.”

हे शेवटचे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. आधी त्याबद्दल बोलू, सेल्फचे नंतर.

स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडले की चावीला वगळून करंट थेट जातो. त्या वेळी गाडी चुकून गिअरमध्ये असेल तर सेल्फ इंजिनाबरोबर चाकांनाही फिरवतो आणि गाडी पुढे सरकते. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. स्टॉपची दांडी ओढलेली नसेल तर चावी बंद असतानाही ते चालू होऊ शकते. खाली पडलेल्या माणसाला चाकासमोरून निघायला वेळ मिळत नाही. पुन्हा, बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने भडकतो तो वेगळाच. वहिनी, दिरांना हे आजपासून बंद करायला सांगा. टोमॅटो सडला तर एका खेपेचे नुकसान होईल, तेवढेच.

आता मूळ प्रश्न. डिझेल इंजिनात हवा पंधरा ते वीस पट दाबली जाते, त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. एवढा दाब हाताने फिरवणे सोपे नाही, म्हणून सेल्फची मोटर दांडगी आणि तिला करंट शेकडो अँपिअर लागतो. एवढा करंट चावीतून नेला तर चावी जळून जाईल. म्हणून चावी फक्त थोडा करंट सोलेनॉइडला देते. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि आत सरकणारा लोखंडी दांडा. वेटोळ्यात करंट आला की दांडा खेचला जातो आणि एकाच वेळी दोन कामे करतो : बेंडिक्सचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये ढकलतो, आणि तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबून मोटरला करंट सोडतो. तुम्हाला ऐकू येतो तो ‘टक्’ या दांड्याचा.

म्हणजे ‘टक्’ ऐकू आला, तर चावी आणि बारीक वायर बहुतेक ठीक आहे. आवाजच नसेल तर आधी तिकडे, म्हणजे चावी, रिले, बारीक वायर यांकडे पाहावे. ‘टक्-टक्-टक्’ असा थरथराट झाला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते.

एकच ‘टक्’ होत असेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे अगदी मंद झाले तर बॅटरी, टर्मिनलवरचा पांढरा क्षार किंवा ढिली अर्थ वायर तपासा. अर्थ वायर चॅसिसला जिथे बसते तिथला गंज खरवडून घट्ट केल्यावर सुधारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मालकांनी त्याआधी नवी बॅटरीही घेऊन झाली होती! दिवे लख्ख राहिले तर दोष सोलेनॉइडच्या चकतीत किंवा मोटरच्या कार्बनमध्ये. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, अशा स्थितीत मीटर लावावा. सेल्फ मारताना बॅटरीकडच्या बोल्टवर व्होल्टेज आहे, मोटरकडच्या बोल्टवर नाही, तर चकती जळाली. दोन्हीकडे आहे आणि मोटर फिरत नाही, तर कार्बन पाहा. हे करून दाखवल्याशिवाय ‘आख्खा सेल्फ बदला’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

जुन्या पद्धतीचा सोलेनॉइड उघडतो. जळालेली चकती उलटी करून, बोल्टांचे तोंड साफ करून तो पुन्हा चालतो, पण हे तात्पुरते. नवे बहुतेक बंद असतात, ते बदलावेच लागतात. बदलताना प्रथम बॅटरीची अर्थ वायर काढावी. वायरींवर खुणा कराव्यात. आतला दांडा खटक्याच्या दांडीत अडकलेला असतो, तो हिसडून काढू नये, किंचित उचलून सोडवावा. मोठ्या बोल्टची नट आवळताना आतली नट दुसऱ्या पान्याने धरावी, नाहीतर बोल्टच फिरतो आणि आतली तार तुटते. नव्या सोलेनॉइडची अशी वाट लागलेली मी पाहिली आहे. विकत घेताना गाडी १२ व्होल्टची की २४ ची, हे दुकानदाराला आधी सांगावे. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून बहुधा २४ व्होल्ट असतात.

आणखी एक. चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहिला तर चकती चिकटली असे समजा. लगेच बॅटरीची वायर तोडावी, म्हणजे काढावी, कापू नये. त्यासाठी योग्य मापाचा पाना केबिनमध्ये हाताशी ठेवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, दोन प्रयत्नांत मिनिटभर तरी थांबावे.

नवा भाग बसवला तर वायरमनकडून जुना परत मागून घ्या.