बंदूक तपासली, गोळीचे काय?

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो, नवी दिल्ली



खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्याची गरज होतीच. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने तपासलेल्या आयात खेळण्यांच्या नमुन्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नापास ठरले होते. पुढे जानेवारी २०२३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांनी बड्या दुकानांतून चिन्हाविना विकली जाणारी हजारो खेळणी जप्त केली, तेव्हा आदेश कागदापुरता नाही हेही दिसले. या कामाबद्दल आदर राखूनच एका खेळण्याविषयी लिहितो आहे. कंपनीच्या भाषेत ते ब्लास्टर, मुलांच्या तोंडी नर्फ गन आणि दुकानदाराच्या लेखी सॉफ्ट बुलेट गन. चाप ओढला की फोमचा डार्ट सुटतो. माझे म्हणणे एवढेच आहे की या खेळण्याचा धोका बंदूक आणि डार्ट यांच्या जोडीत असतो. आपली व्यवस्था मात्र डब्यात एकत्र आलेली जोडी एकदा तपासते, आणि बाजार ती जोडी दुसऱ्याच दिवशी मोडतो.

आधी थोडे गणित. प्रचलित डार्टचा व्यास १२.७ मिलिमीटर आणि वजन साधारण १ ग्रॅम असते. तो सेकंदाला ७० फूट, म्हणजे सुमारे २१ मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा ०.२२ ज्यूल भरते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण इजा किती होईल ते ऊर्जा केवढ्या जागेवर आदळते यावरही ठरते. म्हणून अमेरिकेच्या एएसटीएम एफ९६३ या मानकात अशा प्रक्षेप्यांसाठी दर चौरस मीटरला २५०० ज्यूल ही मर्यादा घातली आहे. डार्टचे मऊ टोक पूर्ण टेकले, तर आपला हिशेब १७५० च्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. आता बंदूक तीच, वेग तोच, वजनही तेच ठेवा. फक्त टोक कडक प्लास्टिकचे आणि निम्म्या व्यासाचे करा. टेकणारी जागा चौथा हिस्सा उरते आणि आकडा ७००० वर जातो. बंदुकीला कोणी हात लावलेला नाही. बदलले आहे ते स्वस्तातल्या पाकिटातले टोक.

हे डोळ्याबाबत विशेष गंभीर का, ते शरीररचनेतच आहे. मोठा चेंडू आदळला तर भुवईचे आणि गालाचे हाड बराचसा मार स्वतःवर घेते. नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटरचा आणि त्याची खोबण त्याहून बरीच रुंद, त्यामुळे १२.७ मिलिमीटरचा डार्ट हाडाला न शिवता थेट बुबुळावर पोचतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले: दोन प्रौढ आणि एक ११ वर्षांचा मुलगा. तिघांच्याही डोळ्यांत पारपटलामागच्या पोकळीत रक्त उतरले होते. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या, बिगरब्रँडच्या गोळ्यांची टोके अधिक कडक असतात याकडेही त्या डॉक्टरांनी लक्ष वेधले, संरक्षक चष्म्याची शिफारस केली आणि वयोमर्यादेचा फेरविचार सुचवला.

यावर कोणी म्हणेल की ते तिघेही बरे झाले, शिवाय तीन रुग्णांवरून धोरण ठरत नसते. दुसरा मुद्दा रास्त आहे. असा मार किती वेळा बसतो, हे तीन नोंदींवरून कळत नाही. पण तो कसा बसतो हे त्या सांगतात, आणि मानक ठरवताना इजा कशी होते याचे ज्ञान पुरेसे असते. जखमींची यादी लांब होण्याची वाट पाहायची नसते. ‘बरे झाले’ हेही जपून म्हणावे लागते. अशा माराने डोळ्यातील द्रव वाहून जाण्याचा कोपरा दुखावला, तर काचबिंदू कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून वारंवार तपासणी लागते. लंडनमध्ये ती होते. नेत्रतज्ज्ञासाठी तालुक्याहून जिल्ह्याला जावे लागणाऱ्या घरात डोळ्याची लाली उतरली की विषय संपतो.

विटी-दांडूने, दसऱ्याच्या धनुष्यबाणाने, फटाक्यांनी याहून अधिक डोळे जातात, मग या फोमच्याच मागे का लागायचे, असाही आक्षेप येईल. मोठ्या धोक्याची काळजी आधी करावी हे मान्य. तरी एक फरक उरतोच. विटी कोणी समोरच्याला नेम धरून मारत नाही. या खेळात समोरचा माणूस हेच लक्ष्य असते, आणि वस्तू मऊ आहे या भरवशावर पालक तो खेळ दिवाणखान्यात होऊ देतात. फटाक्याजवळ उभा राहणारा बाप इथे शेजारच्या खोलीत निर्धास्त असतो. तो भरवसा आपल्या चिन्हाने पक्का होतो, म्हणून जबाबदारीही त्या चिन्हाकडे येते.

उत्पादक म्हणतील की खोक्यावर सूचना छापलेली आहे. आहे खरी. नर्फ बनवणारी हॅस्ब्रोसारखी कंपनी स्वतःच बजावते की डोळ्यावर वा चेहऱ्यावर नेम धरू नका, याच खेळण्यासाठी बनवलेले डार्ट वापरा, त्यांत फेरफार करू नका. अलीकडच्या खोक्यांवर चष्म्याची शिफारसही असते. म्हणजे जोडी बदलली की सुरक्षेची हमी उरत नाही, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक आहे. पण डार्ट सोफ्याखाली जातात, गच्चीवरून पडतात, पावसात फुगतात. महिनाभरात नवे पाकीट येते आणि त्यावर आकार जुळतो एवढेच लिहिलेले असते. सूचना खोक्यावर होती, खोके केव्हाच रद्दीत गेले. लहान उत्पादकांवर बोजा पडेल ही तक्रार मात्र मला खोटी वाटत नाही. परवान्याचा खर्च छोट्या कारखान्याला जड जातो. पण डार्टच्या चाचणीला नवे मानक लागत नाही. टोकाचा कडकपणा, टेकणारे क्षेत्रफळ, टोक सुटून येते का, एवढेच पाहायचे आहे. शुल्कात सवलत द्या, चाचणीत नको.

राहिला वयाचा प्रश्न. पाकिटावर ‘१४ वर्षांवरील’ असे छापून आदेशातून निसटण्याचा मार्ग मोकळा वाटतो, पण तो खरे तर बंद आहे. आदेशातील व्याख्येनुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी उघडपणे असलेली वस्तू, ती केवळ त्यांच्यासाठी नसली तरी, खेळणेच ठरते. कार्टूनच्या चित्रांचे, शाळकरी मुलाच्या हातात बसणाऱ्या पिस्तुलाचे पाकीट या व्याख्येबाहेर कसे जाते, हे विक्रेत्याला विचारायला नवा कायदा नको.

तेव्हा आयएस ९८७३ या खेळण्यांच्या सुरक्षा-मानकाच्या पुढच्या दुरुस्तीत सुटे विकले जाणारे डार्ट स्वतंत्र वस्तू म्हणून यावेत. त्यांची चाचणी बाजारातल्या सर्वांत जोरकस परवानाधारक ब्लास्टरमधून व्हावी, पाकिटावर कमाल वेग छापला जावा, आणि दर ब्लास्टरच्या खोक्यात किमान दोन संरक्षक चष्मे असावेत: मारणाऱ्यासाठी एक आणि समोरच्यासाठी एक. ऑनलाइन दुकानांना डार्टच्या पाकिटाचा परवाना क्रमांक दाखवायला लावणे त्याआधीही जमेल. दुरुस्तीचा मसुदा आपण हरकतींसाठी खुला करालच. तेव्हा उत्पादकांच्या बरोबरीने नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनाही तो पाठवावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक ग्राहक