मगरिबचा उजेड

ईदच्या दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या आमच्या घरी टीव्हीवर पुन्हा एकदा ‘शोले’ लागला. मुलांना संवाद तोंडपाठ. अमजद खान, धर्मेंद्र, अमिताभ यांची नावे घरोघरी निघतात; पण कॅमेरा कोणाचा होता, असे आम्ही विचारले तर सगळे गप्प. ते नाव द्वारका दिवेचा.

रमेश सिप्पी यांचा हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी आला. कर्नाटकातील रामनगरच्या खडकाळ डोंगरांत त्याचे ‘रामगढ’ उभे केले होते. चित्रपट इतका गाजला, तरी तेव्हा फिल्मफेअरचा पुरस्कार एकच मिळाला. तो संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. फिल्मफेअरमध्ये छायाचित्रणाच्या वाट्याला काही आले नाही.

घोडे, आगगाडी, गोळीबार सगळ्यांनाच दिसतात. आम्ही वाचकांना दुसरे दृश्य सुचवू. जय बाहेर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आहे आणि हवेलीत विधवा राधा एकेक दिवा मालवते आहे. दोघांत एक शब्द नाही. दिवेचांनी ते दिवस मावळल्यानंतर आणि अंधार पडण्याआधीच्या उजेडात टिपले. ही आपली मगरिबची वेळ. हा उजेड किती लवकर सरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. रोज हाती मोजकी मिनिटे. काही चुकले की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या अशा दृश्यांसाठी जवळपास २० दिवस गेले. भर उन्हात ते लवकर उरकले असते. पण पांढऱ्या साडीतल्या राधेचे एकटेपण दिसले नसते.

नेमके हे दृश्य आले आणि मुले पाणी प्यायला उठली. नळदुर्गहून आलेल्या आमच्या फुफी तेवढ्या बसून राहिल्या. ऐन तिशीत त्या बेवा झाल्या. पुढे ठाकूर राधेच्या लग्नाची बोलणी करायला तिच्या वडिलांकडे जातो, तेव्हा फुफी हळूच म्हणाल्या, “तिच्या सासऱ्याने विषय काढला तरी.”

आम्ही खाली पाहिले. बेवाच्या निकाहला आपल्या शरीयतची मनाई नाही. तरी आमच्या घरात इतक्या वर्षांत तो विषय कोणी काढला नव्हता.

‘शोले’ पुन्हा लागेल. दिवे मालवण्याचे ते दृश्य आले की मोबाइल बाजूला ठेवून नीट पाहा. आणि आपल्या शेजारी कोण बसले आहे, तेही पाहा.