नाण्यावरचा सलोखा

दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सम्राटांजवळ ना वर्तमानपत्र होते, ना दूरदर्शन. मग आपले गुण घरोघर पोहोचवायचे कसे? त्यांनी उपाय शोधला तो नाण्यांचा!

सोन्याची नाणी श्रीमंतांच्या थैलीत राहत; पण बाजारात रोजचा सौदा घेणाऱ्यांच्या हाती असत ती तांब्यापितळेची. इ. स. पूर्व 23 च्या सुमारास सम्राट ऑगस्टसने या नाण्यांची नीट घडी बसवली. त्यातले सेस्टर्शियस हे पितळी नाणे तर चांगले 25 ग्रॅम वजनाचे. अशी चार नाणी दिली की चांदीचा एक डिनेरियस मिळे. संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्द त्यावरूनच आला.

नाण्याच्या एका बाजूला सम्राटाचा चेहरा, तर दुसऱ्या बाजूला पुष्कळदा एखादा सद्गुण स्त्रीरूपात उभा असे. अक्षरओळख नसलेल्यालाही तो ओळखता यावा, म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. हाती तराजू असलेली एक्विटास म्हणजे न्यायबुद्धी. डोक्यावरून पदर घेऊन वेदीपाशी उभी असलेली पिएटास म्हणजे देवांविषयी व वडीलधाऱ्यांविषयी श्रद्धा. हाती फूल घेतलेली स्पेस म्हणजे आशा. आणि काँकॉर्डिया म्हणजे सलोखा. दोन व्यक्तींनी एकमेकांचे हात हाती घेतले की तो सूचित होई.

पण नाण्यावर सद्गुण कोरला म्हणजे तो अंगी येतोच असे नाही. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचे दोन मुलगे, काराकाल्ला आणि गेटा, यांचे लहानपणापासून पटत नसे. नाण्यांवर मात्र भावाभावांच्या सलोख्याची ग्वाही दिली जाई. इ. स. 211 च्या फेब्रुवारीत सेव्हेरस वारला आणि दोघे मिळून गादीवर बसले. वर्ष संपायच्या आत काराकाल्लाने गेटाची हत्या करविली. जीव वाचवण्यासाठी आईला बिलगलेल्या गेटाने तिच्याच कुशीत प्राण सोडला.

पुढे गेटाचे नाव शिलालेखांतून खोडले गेले. आजच्या तुर्कस्तानातील स्ट्रॅटोनिकिया नगराने दोघा भावांचे चेहरे समोरासमोर असलेली मोठी नाणी पाडली होती. त्यांपैकी काही आजही पाहायला मिळतात. त्यांवर काराकाल्लाचा चेहरा शाबूत आहे. समोर मात्र छिन्नीने खरवडलेली मोकळी जागा!

सलोख्याची ग्वाही देणाऱ्या राजघराण्याची खरी गोष्ट ती मोकळी जागाच सांगून जाते.