कारभार त्यांचा, खर्च कुणाचा?

वाडीवाडीच्या बैठकांत एक प्रश्न परत परत येतो. रान आपल्या बापजाद्यांनी राखलं. आता ते राखायला खातं आलं. मग त्या खात्याचा पगार, जीप, बंगला, चौकी, हे सगळं चालतं कुणाच्या पैशावर? चराईची पावती आपल्या नावाची, मोळीचा दंड आपल्या नावाचा, जप्त झालेली कुऱ्हाड सोडवायची तर पैसे आपलेच. आणि एवढं भरून वर चोर म्हणून नाव तेही आपलंच.

साथींनो, सातारच्या मुलखात हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेला शिराळा तेव्हा साताऱ्यातच मोडत होता, म्हणून वारणाकाठच्या वाड्यांनीही ही गोष्ट आपलीच समजावी.

१८१९ साली कंपनी सरकारनं प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य राजाकडे आणि त्याच्या वारसांकडे कायम राहील, असं त्यात लिहून दिलं. वीस वर्षांत, म्हणजे १८३९ला, त्याच राजाला गादीवरून उतरवून काशीला धाडलं आणि भाऊ शहाजी याला बसवलं. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी वारला. मरताना त्यानं दत्तक घेतला होता. तो दत्तक मानायचा की राज्य खालसा करायचं, यावर साहेबांत वाद जुंपला. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क म्हणत होता, तह आहे, दत्तक माना. तो बदलून गेला. नवा गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल म्हणालं, खालसा करा. गव्हर्नर जनरल डलहौसीनं ३० ऑगस्ट १८४८ रोजी शेरा लिहिला. त्याचा मतलब असा, की मुलूख आणि महसूल हक्कानं मिळायची संधी आली तर सरकारनं ती सोडू नये. शिवाय सातारा मुंबई इलाख्याच्या दोन मोठ्या लष्करी ठाण्यांच्या मधोमध पडतो, तेव्हा तो हातात असलेला बरा. १८४९च्या जानेवारीत लंडनच्या डायरेक्टरांनी मंजुरी दिली. त्यांच्यातल्या टकरसारख्या काहींनी विरोध नोंदवला, पण तो दप्तरातच राहिला.

आम्हाला राजवाड्याचा उमाळा नाही. राजाचा खर्चही रयतच भरत होती. साहेबांना गार हवा हवी म्हणून महाबळेश्वर १८२९ साली खंडाळा गावाच्या बदल्यात कंपनीला गेलं, वर जायचा रस्ता राजानं बांधून दिला, आणि त्या रस्त्याचे दगड काही राजानं फोडले नाहीत. फरक इतकाच, की राजाचा पैसा बहुतेक साताऱ्यातच फिरत होता. खालसा झाल्यावर त्याला दूरची वाट फुटली.

डलहौसीच्या शेऱ्यात महसूल हा शब्द आहे, पण मुलूख घेतला की कलेक्टर लागतो, मामलेदार, कोर्ट, पोलीस, तुरुंग, फौज लागते. थोड्याच वर्षांत लंडनमध्ये कंपनीचे टीकाकार विचारू लागले, की ही खालसा केलेली राज्यं स्वतःचा खर्च तरी भागवतात का? प्रश्न वाजवी होता. पण खर्च भागत नसेल तर मुलूख परत द्या, असं काही झालं नाही. खर्च भागवायला नवी माणसं शोधली गेली. ती माणसं म्हणजे आपण.

रामोश्यांचं उदाहरण तर त्याच्याही आधीचं. पेशवाई बुडाल्यावर किल्ल्यांच्या राखणीचे रामोश्यांचे हक्क काटकसर म्हणून कापले. राखणदार उपाशी मेला तरी चालेल, पण हिशोबात बचत दिसली पाहिजे. त्यातूनच उमाजी नाईक उठला. ३ फेब्रुवारी १८३२ला त्याला पुण्यात फाशी दिलं. कापलेले हक्क देण्यापेक्षा त्याला धरायला फौज फिरवणं स्वस्त पडलं असेल, असं आम्हाला वाटत नाही.

१८५२ला इनामांची चौकशी करायला कायदा झाला आणि कागद नसलेल्यांची इनामं गेली. सर्व्हे होऊन जमिनीवर आकार बसला. पुढं १८६०च्या दशकात साऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड आला, दोन हिस्से रस्त्याला आणि एक हिस्सा शाळेला. आणा शेतकऱ्याचा, पण शाळेत पोरं कुणाची बसली? जोतिराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षण कमिशनपुढं हेच मांडलं, की महसूल कष्टकऱ्याकडून येतो आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांना हा हिशोब पुस्तकातून शिकावा लागला नाही.

मग आलं जंगल. १८७८च्या कायद्यानं राखीव आणि संरक्षित असे तुकडे पाडले. खात्यानं स्वतःच्या कमाईवर चालावं आणि सरकारला वर शिल्लक द्यावी, अशी अपेक्षा होती. कमाई लाकडाची, चराईची आणि दंडाची. ज्या डोंगरावर कुमरी करून नाचणी-वरी पिकत होती, तिथं कुमरी गुन्हा झाला. हक्क असेल त्यानं मुदतीत लिहून द्यावा, असा जाहीरनामा निघे. मुदत कमीत कमी तीन महिने. जो सांगणार नाही त्याचा हक्क बुडाला. लिहिता येत नाही, कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर, भाताची लावणी चालू, अशा माणसाचा हक्क नुसत्या गप्प बसण्यानं बुडाला.

लंडनच्या वहीत काय होतं तेही ऐका. १८३३च्या कायद्यानं कंपनीच्या भागीदारांना साडेदहा टक्के नफा हिंदुस्थानच्या महसुलातून बांधून दिला. १८५७चं बंड मोडायचा खर्च हिंदुस्थानच्या नावावर चढला. १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनला गेला, त्याच्या मानात इंडिया ऑफिसात नाचाचा जलसा झाला, बिल हिंदुस्थानला. भारतमंत्र्याचा पगारही १९१९पर्यंत इथूनच जात होता. या वाटणीची चौकशी करायला १८९५ला वेल्बी कमिशन बसलं. त्यात दादाभाई नौरोजी सभासद होते, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ला साक्ष दिली. मोठं काम होतं, आम्ही ते मानतो. पण तो वाद लंडनची तिजोरी आणि कलकत्त्याची तिजोरी यांच्यातला. वाडीची तिजोरी, म्हणजे माचीवरची नाचणीची कणगी, त्या टेबलावर आलीच नाही.

साहेब गेला. वही तीच राहिली. जंगलचा कायदा आजही १९२७चा, म्हणजे १८७८चाच अंगरखा नव्यानं शिवलेला. कोयनेचं धरण झालं, वीज मुंबईला गेली, पाण्याखाली गेलेली गावं कुठं कुठं पांगली. १९८५ला कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं झाली. वाघ-गवे राहावेत याला आमचा विरोध नाही, आपल्या रानात ते आधीपासून आहेतच. पण त्याचा खर्च चराई बंद झालेल्या धनगराच्या दावणीतून आणि कातकऱ्याच्या मधाच्या डब्यातून का काढायचा, याचं उत्तर आम्हाला कुणी दिलेलं नाही.

आता कामाचं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात, अभयारण्यातल्या हक्कांची चौकशी कलेक्टरनं करायची आहे. जाहीरनामा निघाला की दोन महिन्यांत हक्क लेखी द्यायचा असतो, आणि नुकसानभरपाई मागायची तर रक्कम त्यातच लिहायची. साहेबाच्या कायद्यात तीन महिने होते, आपल्यात दोन. तेव्हा जाहीरनाम्याची वाट बघत बसू नका. वाडीचे हक्क आजच लिहून ठेवा: कुठली चराई, कुठला पाणवठा, कुठला देव, कुठून मध, हिरडा, शिकेकाई, कुठल्या टेपावर नाचणी.

दुसरं, दंडाच्या पावत्या. काही जण रागानं पावती फाडून टाकतात. राग बरोबर आहे, फाडणं चूक आहे. राज्य सरकारच्या डिसेंबर १९७८च्या ठरावात, ३१ मार्च १९७८ला वनजमीन कसत असल्याचं दाखवावं लागत होतं. त्या काळात खात्यानंच केलेला दंड हा त्याचा पुरावा होता. चोर म्हणून दिलेला कागद मालकीच्या कामाला येतो. पावती न देता कुणी पैसे मागितले तर चार माणसं गोळा करून मोठ्यानं पावती मागा.

प्रत्येक वाडीनं एक वही करावी. लिहिणारं पोर किंवा पोरगी शाळेतली चालेल. तारीख, रक्कम, कशासाठी, कुणी घेतले, पावती नंबर. म्हाताऱ्या माणसांना विचारून मागचंही लिहा, अंदाजानं नको, आठवतं तेवढंच. पुढच्या बैठकीला वही आणि पावत्या पिशवीत घालून आणा, पावसाचे दिवस आहेत, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा.