पेनहोल्ड आणि दमट हवा

१९५२च्या मुंबईतल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन जगज्जेता झाला, तेव्हापासून टेबल टेनिसमध्ये हाताइतकीच हत्याराची चर्चा होते. अलिबाग-मुरूडच्या पेनहोल्ड, म्हणजे पेनासारखी बॅट धरणाऱ्या, खेळाडूने मात्र हत्याराआधी हवा बघावी. पावसाळ्यात वातानुकूलन नसलेल्या हॉलमध्ये चेंडू-रबरावर दमटपणा बसला की गुळगुळीत रबराची पकड सुटते आणि टॉपस्पिन जाळ्यात जातो. शॉर्ट पिंपल्सचा, म्हणजे बाहेरच्या बाजूला आखूड दाणे असलेल्या रबराचा, सपाट फटका घर्षणावर तेवढा विसंबून नसतो, म्हणून इथे तो भरवशाचा. पिंपल्सने फिरकी मरते, हा आक्षेप खराच आहे. पण चीनच्या पेनहोल्ड खेळाडू लिऊ गुओलियांगने बॅटच्या पुढे पिंपल्स आणि मागे गुळगुळीत रबर लावून १९९६ला अटलांटात एकेरी-दुहेरीची सुवर्णपदकं जिंकली. फिरकी हवी तिथे मागची बाजू होतीच. आता ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड. जपानी वळणाचं हिनोकी लाकडाच्या एकाच फळीचं ब्लेड हाताला गोड लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते महाग, आणि एकसंध फळी रेषेत चिरण्याची भीती जास्त. पाच थरांच्या लाकडी ब्लेडमध्ये लगतच्या थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असल्याने ते ओलावा बरा सोसतं. दोन रबरांचा भार मनगटावर येणार, तेव्हा ब्लेड हलकंच घ्यावं. नियमाने रबर, स्पंज आणि गोंद मिळून ४ मिलिमीटर जाडी चालते. नवख्याने ती मर्यादा गाठू नये. जाड स्पंजवर वेग मिळतो, पण आखूड चेंडू टेबलावर ठेवणं अवघड होतं.